माऊंच्या हस्ते

हे बरेच दिवस लिहायचं होतं. राग निवला की लिहू म्हणत होते, पण तो काही निवत नाहीये, तेव्हा तसाच लिहून टाकते. धाकट्या बहिणीने हे वाचून लगेच फोन करू नये. तुझ्या लेकीशी माझं सविस्तर बोलणं झालेलं आहे आणि अर्धा दोष माझा, हे मी तिच्यासमोर कबूल केलेलं आहे.

तर झालं असं. कराडजवळच्या आमच्या गावच्या वाचनालयाला २०२५ साली शंभर वर्षं झाली. डिसेंबरात समारंभ ठरला. मी जाहिरात कंपनीत तीस वर्षं अक्षरं आणि चित्रं इकडची तिकडे सरकवत काढली, त्यामुळे "पोस्टरचं तेवढं तुम्ही बघा" हे ओघानंच आलं. मी ते भाचीकडे दिलं. ती पुण्यात डिझाइन शिकते, शेवटच्या वर्षाला आहे, हुशार आहे. तिने पोस्टर करून व्हॉट्सअॅपवर पाठवलं. मी तेव्हा भाजीच्या रांगेत होते. चार इंचांच्या पडद्यावर बघितलं, झकास दिसलं, अंगठा दाखवला आणि मेथी निवडायला लागले.

आणि ते झकास होतंच, हे आधी सांगते. शेंदरी लाल आडवेतिडवे जाड पट्टे, एक काळं वर्तुळ, त्यातून कापत गेलेला तिरका त्रिकोण, भरपूर पांढरी जागा. अक्षरं सगळी वर्तुळं आणि काठ्या जोडून केलेली. शिरोरेषा उडवलेली. मात्रांच्या जागी छोटे त्रिकोण, अनुस्वाराच्या जागी चौकोन. लांबून बघितलं तर कुणीही म्हणेल, वा, बाऊहाउस.

जवळून वाचलं तर मात्र "शतकपूर्ती समारंम" असं होतं. आणि त्याच्या खाली "उद्घाटन : माऊंच्या हस्ते".

भाऊ म्हणजे ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं ते. वय अठ्ठ्याऐंशी. माझे वडील आणि ते एकाच छापखान्यात जुळारी होते, एका केसवर समोरासमोर उभे राहून दोघांनी आयुष्य काढलं. एसटी स्टँडवर, दूध डेअरीवर, शाळेच्या फाटकावर चाळीस पोस्टरं लागली आणि दोन दिवसांत गावातल्या पोरांनी भाऊंना बघून म्याव म्याव करायला सुरुवात केली. समारंभाच्या दिवशी भाऊ काठी टेकत वाचनालयाच्या पायऱ्या चढले, पोस्टरपाशी थांबले, ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं (जुळारी माणूस असाच वाचतो, माझे वडील पेपरसुद्धा असाच वाचायचे) आणि म्हणाले, "भच्या खणात म पडला वाटतं."

म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही.

ज्यांनी खिळे बघितलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. छपाई झाली की खिळे परत आपापल्या खणात सोडायचे असतात. घाईत एखादा भलत्याच खणात पडला की पुढच्या कामात तो हाताला लागतो, कारण जुळारी खिळ्याकडे बघत नाही, त्याची बोटं खण ओळखतात. ही चूक नव्या पोराची. भाऊंनी आमच्या पोस्टरला अत्यंत सभ्य शब्दांत उमेदवारी करणाऱ्या पोराचं काम म्हटलं होतं.

मी भाचीला गाठलं. ती काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हणाली, "मावशी, मला कॉलेजात हेच शिकवलंय. ऐतिहासिक टायपोग्राफी चळवळीपासून प्रेरणा घेऊन पोस्टर करा, असा प्रोजेक्टच होता. मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. आणि बघ ना, वाचनालय १९२५चं. बाऊहाउस वायमारहून देसाउला गेलं ते १९२५ सालीच. मी उगीच नाही निवडलं."

हे सालाचं जुळवणं मला आवडलं. खरंच आवडलं. पण १९२५ साली देसाउला काय चाललं होतं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला फक्त पोस्टरं दाखवली होती.

जर्मन भाषेत प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर मोठं काढतात. प्रत्येक. टेबल, मांजर, दुःख, सगळ्यांचं. शिवाय तेव्हा तिथली बहुतेक वर्तमानपत्रं आणि बरीचशी पुस्तकं फ्राक्टुर नावाच्या काळ्याकुट्ट, टोकेरी, मध्ययुगीन वळणाच्या अक्षरांत छापली जायची. हर्बर्ट बायर नावाच्या पंचविशीतल्या पोराकडे बाऊहाउसने छपाईची कार्यशाळा दिली, आणि १९२५ साली त्या शाळेने मोठी अक्षरं वापरणंच बंद केलं. शाळेच्या पत्रांच्या कागदावर खाली त्याचा खुलासा छापलेला असायचा, की आम्ही सगळं लहान अक्षरांत लिहितो कारण वेळ वाचतो, आणि बोलताना काही मोठी अक्षरं ऐकू येत नाहीत, मग दोन वर्णमाला कशाला. बायरने कंपास आणि पट्टीने एकच वर्णमाला काढली. वर्तुळं, कंस, सरळ रेघा. भाचीने जी वर्तुळं घेतली ती तिथली.

आता मला सांगा, देवनागरीत मोठी अक्षरं आहेत कुठे? ज्या दुखण्यावर बायर औषध शोधत होता ते दुखणं आपल्याला कधी झालंच नाही. आपण त्याच्या औषधाची बाटली मात्र आणली आणि भाऊंना पाजली.

योगायोग म्हणजे बायरचं ते अक्षर त्या काळात धातूत ओतलंच गेलं नाही. कागदावरचा प्रस्ताव म्हणूनच राहिलं. नव्वद-शंभर वर्षांनी संगणकावर त्याचे वीस अवतार फुकट मिळतात आणि कॅफेच्या मेनूवर दिसतात, तो भाग वेगळा.

आणि ही माणसं अक्षरांसाठी भांडत होती, कधीकधी तुरुंगात जात होती, हेही आमच्या पोरांना सांगत नाहीत. यान चिखोल्टचं उदाहरण घ्या. बाप पाट्या रंगवणारा. १९२३ साली वायमारला बाऊहाउसचं प्रदर्शन बघून आला आणि झपाटला. (त्या प्रदर्शनाचं योस्ट श्मिटने केलेलं लाल-काळं तिरकं पोस्टर तुम्ही नक्की बघितलेलं आहे. नाव माहीत नसेल, पण त्याची नक्कल बघितलेली आहे.) १९२८ साली त्याने नव्या टायपोग्राफीवर पुस्तक लिहिलं. मजकूर मध्यभागी तोलून मांडणं म्हणजे पोकळ शोभा, साधी निरलंकार अक्षरं हीच या काळाची, असा सगळा आवेश. १९३३च्या मार्चमध्ये नाझींनी त्याला पकडला, काही आठवडे आत ठेवला, सुटल्यावर तो स्वित्झर्लंडला गेला. त्याच वर्षी बाऊहाउस कायमचं बंद झालं.

गंमत पुढे आहे. १९४१ साली त्याच नाझी राजवटीने फ्राक्टुरला "ज्यूंची अक्षरं" ठरवून हद्दपार केलं. म्हणजे अक्षराला धर्म, देश, निष्ठा चिकटवायला काही तर्क लागत नाही. आणि चिखोल्ट? तो स्वतःच बदलला. त्याला वाटायला लागलं की आमच्या त्या कडक नियमांच्या आवेशात नाझींच्या हटवादीपणाचीच झाक होती. १९४६ साली यावरून त्याचं माक्स बिलशी जाहीर भांडण झालं. १९४७ ते ४९ तो इंग्लंडात पेंग्विनची पुस्तकं मांडत होता, मध्यभागी तोललेली, सुबक, जुन्या वळणाची. उलट आपला बायर १९३६ साली नाझींच्या बर्लिनमधल्या जर्मनी प्रदर्शनाची पुस्तिका करून देत होता आणि १९३८ला अमेरिकेला गेला. माणसं अशी गुंतागुंतीची असतात. "बाऊहाउस स्टाइल" नावाच्या टेम्प्लेटमध्ये यातलं काहीही नसतं. तिथे शेंदरी, काळा, वर्तुळ, त्रिकोण, डाउनलोड. आता तर तेवढेही कष्ट नाहीत, एक वाक्य टाइप केलं की यंत्र पोस्टर काढून देतं. मराठीचं तर विचारूच नका, वेलांट्या कुठल्या कुठे.

मी भाचीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मी काय करायचं? कमल शेडग्यांसारखी नाटकांची अक्षरं काढत बसू? ती पण नक्कलच ना?"

बरोबर आहे. ती पण नक्कलच. शेडगे (ते २०२० साली गेले) एकेका नाटकाचं नाव काढायचे ते पेपरातल्या एवढ्याशा जाहिरातीसाठी. आजूबाजूला दाटीवाटीने दुसऱ्या नाटकांच्या जाहिराती. त्यात वाचकाचा डोळा आपल्या नाटकावर अडकायला हवा, आणि ते नाटक रडवणारं की हसवणारं हे अक्षरातच कळायला हवं. त्यातून ती वळणं आली. आज लग्नपत्रिकेवर ती वळणं उचलून लावणं हे बाऊहाउस उचलण्याइतकंच उथळ आहे. र. कृ. जोशींच्या मंगलचंही तेच. आपण ब्लॉगवाल्यांनी एकमेकांचं पहिलं लिखाण मंगलमध्येच वाचलं, त्या काळातल्या भरड पडद्यावर ते वाचता आलं हीच त्या अक्षराची कमाई. म्हणून काय ते दहा फुटी फ्लेक्सवर लावायचं? (लावतात.)

मग तिने हुकमाचं पान काढलं. "गुजरातीत तरी कुठे आहे शिरोरेषा? आणि आपण सगळेच हाताने घाईत लिहितो तेव्हा देतो का?"

नाही देत. पण शिरोरेषा सोडली तर तिचं काम दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं. भ आणि म यांच्यात दोनच गोष्टींचा फरक: डोक्यावरची फट आणि डावीकडची छोटीशी मुरड. घ आणि ध यांचंही तसंच. हाताने लिहिताना आपण रेषा देत नाही, पण मग भची मुरड आपोआप ठसठशीत काढतो. गुजरातीनेही रेषा सोडली ती पिढ्यान्‌पिढ्या हिशेब लिहिणाऱ्या हातांनी, अक्षरं त्या ओघात बदलत गेली. भाचीने रेषा कापली आणि मुरडीच्या जागी नीटनेटकं वर्तुळही बसवलं, कारण बाऊहाउसमध्ये मुरडी नसतात. दोन्ही आधार गेले. उरला माऊ.

शिवाय मला कळत नाही, जाड आडवी पट्टी हवी म्हणून जीव टाकायचा आणि आपल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर ती जन्मतः असताना तीच कापून टाकायची? श्मिटला ती मिळाली असती तर त्याने काय काय केलं असतं!

इथे वडिलांचं सांगायलाच हवं. आमचा छापखाना (म्हणजे मालक दुसरे, पण घरात "आपला छापखाना" असंच म्हणायचो) लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल आणि पोस्टरं छापायचा. कुस्त्यांचं जंगी मैदान, जत्रेतला तमाशा, सर्वसाधारण सभा. पातळ गुलाबी नाहीतर पिवळा कागद, एक शाई. मोठ्या मथळ्यांसाठी लाकडी खिळे होते, आणि त्यांचा एकच संच, तोही पुरा नाही. त्यात ळ एकच होता. एकदा "बाळ गोपाळ मंडळ" यांचा गणपतीचा कार्यक्रम आला. तीन ळ! वडिलांनी काय करावं? पहिला शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात, दुसरा त्याहून लहान, तिसरा आणखी लहान, आणि प्रत्येक थोडा उजवीकडे सरकवलेला. पायऱ्या उतरल्यासारखं. पुढे आर्ट स्कूलमध्ये आम्हाला स्लाइडवर असलंच काहीतरी दाखवून "डायनॅमिक" म्हणाले तेव्हा मी बाकावरून उठून सांगणार होते की हे आमच्या वडिलांनी केलंय, ळ नव्हता म्हणून. उठले नाही. लाज वाटली होती तेव्हा, वडील जुळारी असल्याची. ती लाज आता आठवते तेव्हा जास्त वाटते.

त्यामुळे भाचीवर ओरडायचा अधिकार मला फारसा नाही. मी स्वतः नोकरीतली कितीतरी वर्षं मराठी मजकूर इंग्रजी मांडणीत कोंबलेला आहे. स्विस पोस्टरांची भुरळ होती. हेल्व्हेटिकाच्या ओळी एकमेकींना चिकटवून काय सुंदर ठोकळा बनतो! तसा ठोकळा मराठीचा करायला जायचं आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसायचा. आपली ओळ तीन मजली असते. मधे अक्षर, वर मात्रा-वेलांटी-रफार, खाली उकार. मुंबईकडच्या जुन्या पद्धतीत तर हे तिन्ही मजले वेगवेगळ्या खिळ्यांनी रचायचे. वडिलांना हे झोपेतही माहीत होतं. मी मात्र उकार कापून छोटे करत बसायचे.

पण मला खरा राग आहे तो याचा, की आपल्याकडे अशी चळवळ झालीच नाही असं या मुलांना वाटतं. जर्मनीत झाली, रशियात झाली, स्वित्झर्लंडमध्ये झाली, आपल्याकडे सुलेखन झालं. अरे, झाली की! देवनागरीच्या केसमध्ये खिळेच खिळे, जोडाक्षरांचे वेगळे, मात्रा लागलेल्यांचे वेगळे. त्या पसाऱ्यापायी छपाई महाग आणि संथ. टिळकांनी खिळे कमी करायची खटपट केली. सावरकरांनी लिपीशुद्धी मांडली (राजकारण घटकाभर बाजूला ठेवा, इथे फक्त खिळ्यांबद्दल बोलतेय): अ ला आ होतो, ओ होतो, औ होतो, मग अि, अी, अु, अे का नको? इ ई उ ऊ ए ऐ हे खिळे वाचले. काका कालेलकर, विनोबा यांनीही तोच मार्ग धरला. आणि "किर्लोस्कर", "स्त्री", "मनोहर" ही मासिकं अनेक वर्षं या लिपीत छापली गेली. १९५३च्या लखनौ परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटी उचलून उजवीकडे ठेवली होती. ती टिकली नाही. लोकांनी ऐकलं नाही, आणि पुढे संगणक आल्यावर खिळ्यांचा प्रश्नच राहिला नाही.

म्हणजे बघा. तिकडे बायर म्हणत होता दोन वर्णमाला कशाला, इकडे हे म्हणत होते स्वरांच्या दोन तऱ्हा कशाला. जवळपास तोच काळ. तोच हट्ट, तोच यंत्राचा रेटा, तीच लोकांनी केलेली बोळवण. आणि किर्लोस्करवाडी आमच्या गावापासून काही फार लांब नाही! बापूराव नाईकांनी १९७१ साली देवनागरीच्या टायपोग्राफीवर तीन खंड लिहून ठेवलेत. यातलं काही म्हणता काही त्या प्रोजेक्टच्या यादीत नव्हतं.

रशियाकडे जायचंच होतं तर रॉदचेन्कोचं १९२४चं पोस्टर घ्यायचं होतं, लिल्या ब्रिक तोंडापाशी हात धरून ओरडतेय ते. सरकारी प्रकाशनाची जाहिरात होती ती, पुस्तकांचीच. ज्या देशात कितीतरी लोक नुकते अक्षर ओळखायला शिकत होते तिथे एकच शब्द, "पुस्तकं", कर्ण्यातून आल्यासारखा मोठा मोठा होत जातो. वाचता येणं हाच त्या पोस्टरचा विषय. वाचनालयाला याहून जवळचं काय होतं? पण त्यातून आपण फक्त कर्ण्याचा त्रिकोण उचलतो.

असो. भांडण झाल्यावर भाची दोन महिने माझ्याशी मोजकंच बोलत होती. मग परस्पर गावी जाऊन आली. वाचनालयाच्या माळ्यावर "किर्लोस्कर"चे बांधलेले अंक आहेत, वाळवीने खाल्लेले, ते खाली काढून एकेक पान फोटो काढून आणलं. भाऊंकडे दुपारभर बसली. भाऊंनी तिला सांगितलं म्हणे की केसमधले उ संपले की आम्ही गुपचूप अ ला उकार लावून टाकायचो, मुद्रितशोधक शिव्या द्यायचा. मला हे वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं म्हणा.

काल रात्री तिने यंदाच्या वर्धापनदिनाचं कच्चं पोस्टर पाठवलंय. गुलाबी कागद, एक काळी शाई. "अेकशेअेकावा वर्धापनदिन" असं तीन पायऱ्यांत, आणि एक जाडजूड शिरोरेषा सबंध पोस्टरच्या आरपार, सगळे शब्द तिला लोंबकळताहेत. शाळेचे गुरुजी शुद्धलेखनाची चूक म्हणून तक्रार करणार, हे नक्की. भ मात्र भ आहे. या वेळी मी ते मोठ्या पडद्यावर उघडून बघितलं, चष्मा लावून. दुसऱ्या ओळीतला "अुद्घाटन"चा पहिला उकार तिसऱ्या ओळीतल्या वेलांटीला टेकतोय. तेवढं तिला कळवलं. निळ्या खुणा दिसताहेत, उत्तर अजून नाही.